कुत्र्यासाठी घरचं गारेगार: कोणती फळं, कशी गोठवायची?

सहकारनगरची | १२ एप्रिल, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. आमच्याकडे भोपळा नावाचा लॅब्रॅडोर आहे. वय ६, वजन ३२ किलो (नाव ठेवलं तेव्हा मांडीवर मावायचा, त्यामुळे दोष नावाला देऊ नका). आम्ही शेवटच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. पारा चाळिशीला टेकला की दुपारी दोननंतर घराचा तवा होतो आणि भोपळा बाथरूमच्या फरशीवर चारी पाय फाकवून बेडकासारखा पडून राहतो. गेले चार-पाच दिवस जेवणालाही नाक मुरडतोय. एरवी ताट चाटून त्यावरची फुलं पुसट करणारा प्राणी आहे हा.

लेकीने कुठेतरी व्हिडिओ पाहिले. परदेशात लोक कुत्र्यांना फळांची कुल्फी करून देतात म्हणे. गेल्या रविवारी कलिंगडाचा रस आईस्क्रीमच्या साच्यात ओतून, काडी खोचून गोठवला. भोपळ्याने दोन सेकंदांत काडीसकट गिळला. पुढचे दोन दिवस फिरायला नेताना मी त्याच्या मागे काय शोधत हिंडत होते ते सुज्ञांना कळेलच. मिळाली. धुऊन ठेवलेली नाही.

तर प्रश्न असे: कोणती फळं चालतात, कोणती नाहीत? थंड दिल्याने घसा धरतो का? आणि गिळणार नाही, चाटेल असं काय करता येईल?

खवचट_पेठकर | सकाळी ९:५२

आमच्याकडे मी ४८ वर्षांचा आहे, वजन ७८, दुपारी फरशीवर मीही पडतो. मला अजून कोणी कुल्फी करून दिलेली नाही. पुढच्या जन्माचा अर्ज कुठे भरायचा?

कॉफी_आणि_कुत्रं | सकाळी १०:०५

पेठकर, अर्ज १ ते ४ बंद.

ताई, काडी अजिबात नको. त्याऐवजी गाजराचा लांब तुकडा खोचा, तोही खाल्ला तर खाल्ला. माझी पद्धत सांगते. कलिंगडाच्या बिया काढायच्या, हिरवी साल आणि तिच्याजवळचा कडक पांढरा भाग टाकायचा, कारण तो पचायला जड. लाल गर हाताने कुस्करायचा. मिक्सर लावू नका, फेस येतो आणि मग बर्फ भुसभुशीत होतो, साच्यातून काढताना तुटतो. त्यात चार चमचे साधं दही, साखर नाही, मीठ नाही. दोन-तीन तासांनी, मधोमध अजून मऊ असतानाच बाहेर काढायचं. आमची जिलबी (गावठी, ११ किलो) एवढ्यावर वीस मिनिटं गुंतते.

निवृत्त_मास्तर | सकाळी १०:३०

शीर्षकात 'गारेगार' वाचून बरे वाटले. शाळेबाहेर हातगाडीवर मिळायचे ते गारेगार, पाच पैशांना. लाकडाच्या भुशातला बर्फ किसून, काडीवर दाबून, वर लाल रंग. आमच्या तोंडात तो रंग संध्याकाळपर्यंत राही आणि घरी पुरावा ठरे. हल्ली त्याला 'पॉपसिकल' म्हणतात. कुत्र्यांनी तरी शब्द टिकवला.

खवचट_पेठकर | सकाळी १०:३४

मास्तर, ते गारेगार खाऊन आपण वाचलो, कुत्रं नक्की वाचेल.

गोगलगाय | सकाळी १०:५०

जेवत नाही ते उन्हामुळेच कशावरून? गोचिडी बघितल्यात का? कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली.

सहकारनगरची | सकाळी ११:१५

@गोगलगाय, औषध मागच्या महिन्यात मानेवर टाकलंय. तशी एक दिसली होती, काढून टाकली. उन्हाळ्यात तो दरवर्षीच थोडं कमी खातो.

@कॉफी, गाजर! हे कसं सुचलं नाही मला.

चारपायांची_डॉक्टर | दुपारी १:२०

मी प्राण्यांची डॉक्टर आहे, जेवता जेवता लिहितेय, चुका पोटात घाला.

आधी 'नाही'वाली फळं, कारण सध्या त्यांचाच हंगाम आहे. द्राक्षं. नाशिकची द्राक्षं फेब्रुवारी-मार्चपासून प्रत्येक हातगाडीवर असतात, आणि दर वर्षी कोणीतरी "दोनच दिली हो" म्हणत येतं. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती दिली की होतं याला नियम नाही. एखादं कुत्रं मूठभर पचवतं, एखादं चार दाण्यांत आडवं होतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राणिविषतज्ज्ञांनी यामागे टार्टारिक आम्ल असावं असं मांडलं. तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, म्हणून चिंचही नको. शिऱ्यातले बेदाणे काढून शिरा द्या असं मी सांगणार नाही, शिराच नको.

सफरचंद चालतं, बिया आणि मधला भाग काढून. चिकू पिकलेला थोडा चालतो, पण बी टोकाला आकड्यासारखी असते, ती एकही राहता कामा नये. केळं, पपई, खरबूज, अननस (मधला दांडा सोडून), पेरू, स्ट्रॉबेरी चालेल. आंब्याचा गर चालतो. कोय नाही म्हणजे नाही.

प्रमाण: दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी खाऊचा वाटा १० टक्क्यांच्या आत. भोपळ्यासारख्या लॅबला दिवसाला साधारण १,१०० ते १,३०० कॅलरी लागतात, म्हणजे खाऊच्या वाट्याला शंभर-सव्वाशे. मध्यम केळं एकच झालं की कोटा संपला. कलिंगडात १०० ग्रॅमला फक्त ३० कॅलरी, त्यामुळे तिथे हात सैल सोडता येतो. मधुमेह असलेल्या, स्वादुपिंडाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या कुत्र्यांना हे सगळं विचारूनच.

घसा वगैरे धरत नाही. पण घाईने ढोसणाऱ्याला थंड काय, कोमटही उलटतं.

आणि ताई, चार-पाच दिवस म्हणजे "थोडं कमी" नाही. गोगलगाय म्हणताहेत ते विसरू नका.

बीगलचा_बाप | दुपारी २:०५

कोयीवर माझा अधिकार आहे, त्यामुळे लिहितो.

दोन वर्षांपूर्वी, मे महिना, घरी पाहुणे, आमरसाचा बेत. कोयी ओल्या कचऱ्याच्या डब्यात. डब्याला झाकण होतं, झाकणावर वीट होती. आमच्या बीगलने वीट कशी सरकवली हे आजतागायत कोडं आहे. त्या रात्री काही नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उलटी. तिसऱ्या दिवशी पाणी पाजलं तरी उलटी, आणि पाठ अशी कमानीसारखी वर करून उभा, खाली बसेचना. सोनोग्राफीत आतड्यात अडकलेली दिसली. पोट फाडून काढावी लागली. डॉक्टरांनी नंतर एका बशीत ती मला दाखवली. वरचे केस अजून शाबूत होते आणि माझ्या सासूबाईंनी लांबूनच ओळखलं, "पायरी आहे."

आता कोयी थेट पिशवीत गाठ मारून, पिशवी फ्रीजमध्ये, सकाळी घंटागाडी आली की थेट गाडीत.

तिसरा_मजला | दुपारी २:२०

सासूबाईंना दंडवत. पण पायरीचा रस करतात आणि हापूस कापून खातात, हे पाळणारं घर दिसतंय. बरं वाटलं.

खवचट_पेठकर | दुपारी २:२६

हापूसचा डझनाचा भाव ऐकून मी स्वतः फक्त वास घेऊन मार्केटयार्डातून परत येतो आणि इथे कुत्र्याला गर! मस्तानीच करून द्या ना, वर चेरी लावून.

कॉफी_आणि_कुत्रं | दुपारी २:३१

चेरीची बी चालत नाही. मस्तानी तर नाहीच, साखर आणि आईस्क्रीम. बाकी कल्पना उत्तम.

रानवारा | संध्याकाळी ५:४५

मंडळी, रागावू नका, पण वाचून हसू आलं. आम्ही नगरकडचे. वस्तीवर तीन कुत्री. त्यांना ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून, मीठ न घालता. उन्हाचं काय करतात? ठिबकच्या नळीला जिथं गळती आहे तिथली ओली माती पायानं उकरायची, पोट त्यात टेकवायचं, अन् पाचपर्यंत कुणी हाक मारली तरी उठायचं नाही. थोरल्या वाघ्यानं तर मोसंबीखालचा एक आळाच स्वतःच्या नावावर केलाय. बापू तिथं पाणी जास्त सोडतात, झाडासाठी म्हणतात, पण आम्हाला ठाऊक आहे कुणासाठी.

तिसऱ्या मजल्यावर ओली माती कुठून आणणार म्हणा. तुमचं पण खरं.

सहकारनगरची | संध्याकाळी ६:१०

रानवारा दादा, हसू कसलं, हेवा वाटला. इथे माती म्हणजे तुळशीची कुंडी, आणि तिच्यावर सासूबाईंचा पहारा.

टेकडीकर | रात्री ८:३०

गारेगार वगैरे ठीक, पण एक अनुभव लिहून ठेवतो, कुणाच्या तरी कामाला येईल.

आमचा पग, चपट्या नाकाचा. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये सुट्टी म्हणून उशिरा निघालो, तळजाईवर पोचायला साडेनऊ झाले. उतरताना तो बसला. वाटलं नाटक करतोय, नेहमीच करतो. मग जीभ पाहिली, बाहेर लोंबलेली, रुंद झालेली आणि रंग विटकरी. श्वास घेताना करवतीसारखा आवाज. उचलला तर अंग चुलीजवळच्या भांड्यासारखं. बाटलीत अर्धा लिटर पाणी होतं ते ओतलं. खाली एका चहावाल्याने कळशीभर दिलं, तेही ओतलं. वरून ओल्या टॉवेलात गुंडाळून रिक्षात घातला. वाचला, पण दोन रात्री दवाखान्यात.

माझी बायको वाटेत म्हणत होती बर्फ भरवूया. तोंडात काही घालायची त्याची अवस्थाच नव्हती.

चारपायांची_डॉक्टर | रात्री ९:१५

टेकडीकर, पाणी ओतलंत म्हणून वाचला. फक्त टॉवेलात गुंडाळायचं नाही, ओला टॉवेल अंगावर राहिला की उष्णता आतच कोंडते. पाणी ओतत राहायचं आणि वारा लागू द्यायचा. रिक्षाचा वारा चांगला, गाडी असेल तर एसी पूर्ण. साधं नळाचं, माठाचं, जे हाताशी असेल ते पाणी. आणि आधी थंड करायचं, मग दवाखान्याकडे निघायचं. बरेच जण उलटं करतात.

कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्या हाताला ते गरमच लागतं. १०५ च्या वर गेलं की आतले अवयव बिघडू लागतात. थर्मामीटर असेल तर १०३ ला आल्यावर पाणी थांबवायचं. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, थोडाफार पंजांना येतो, सगळी भिस्त धापेवर. आणि पगला धाप टाकायलाच नीट नाक नाही.

म्हणून या धाग्यावर स्पष्ट लिहिते: गोठवलेलं फळ हा खेळ आहे, पोटात थोडं पाणी जाण्याची सोय आहे. उष्माघातावर तो इलाज नाही. धापा टाकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात बर्फ कोंबू नका.

तिसरा_मजला | १३ एप्रिल, सकाळी ८:०२

बर्फावरून आठवलं. फ्रीजमधले चौकोनी खडे आमचा जर्मन शेफर्ड शेंगदाण्यांसारखे फोडायचा. आम्ही टाळ्या वाजवायचो. एके दिवशी मागच्या मोठ्या दाढेचा कपचा उडाला. दात काढावा लागला, भूल देऊन. बिल सांगत नाही, बायको हा धागा वाचते.

कॉफी_आणि_कुत्रं | सकाळी ८:२०

हो, यासाठीच मी मधोमध मऊ ठेवते. ढोबळ कसोटी म्हणजे अंगठ्याचं नख दाबून पाहायचं, खूण उमटली पाहिजे. उमटली नाही तर दहा मिनिटं बाहेर ठेवा.

मनीमाऊ | सकाळी ९:११

मांजरीला चालेल का हे?

चारपायांची_डॉक्टर | सकाळी ९:४०

चालेल, पण ती तुमच्याकडे "हे काय?" अशा नजरेने बघेल. मांजरांना गोड चव कळतच नाही, त्या चवीचं जनुकच त्यांच्यात बंद पडलेलं आहे. तिला चिकन उकळलेलं पाणी गोठवून द्या. कांदा, लसूण, मीठ न घालता. कांदा-लसूण कुत्र्यालाही नको.

मनीमाऊ | सकाळी ९:४४

ती माझ्याकडे तशीच बघते, कारण लागत नाही.

सदाशिव_आजी | सकाळी १०:३०

चिकनचं पाणी आणि आमचा श्रीखंडाचा डबा एकाच फ्रीजरमध्ये? आमच्या नातवाने हा प्रकार केला होता. मी फ्रीजला चिठ्ठी लावली: "वरचा कप्पा माणसांचा. खालचा कप्पा कुत्र्याचा. मधला वादग्रस्त." आता तो कलिंगडच गोठवतो. कुत्री नातवापेक्षा समजूतदार आहे, वरच्या कप्प्याकडे बघत नाही.

खवचट_पेठकर | सकाळी १०:३५

आजी, ती चिठ्ठी फ्रेम करून पाठवा, आमच्या सोसायटीच्या पार्किंगला लावतो.

गच्चीवरचा | सकाळी ११:००

विषयांतर होईल, पण सोसायटीचा विषय निघालाच आहे. आम्ही गेटबाहेर रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी पाण्याची सिमेंटची कुंडी ठेवली. एका सभासदाने आधी डास होतात म्हणून तक्रार केली (ती रास्त होती, आम्ही आता रोज सकाळी ओतून, घासून भरतो). मग तेच गृहस्थ त्यात चहाचा कप विसळताना सापडले. सध्या तिथे पाटी आहे: "हे पाणी कुत्र्यांसाठी आहे. आपण स्वतःला काय समजता ते आपण ठरवावे."

गुरुवारी पाणी बंद असतं तेव्हा बुधवारी रात्री एक बादली बाजूला काढून ठेवतो. ज्यांना कुल्फी जमत नाही त्यांनी एवढं तरी करा.

रानवारा | सकाळी ११:२०

पाटी आवडली. हे काम खरं.

नवखी_पालक | दुपारी १२:०५

पीनट बटर घालून गोठवतात असं सगळीकडे वाचलं. कुठलंही चालतं का?

चारपायांची_डॉक्टर | दुपारी १:१०

बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. झायलिटॉल असेल तर घरातही आणू नका. साखरेऐवजी वापरतात, कुत्र्याची रक्तातली साखर झपाट्याने पाडतं, यकृतावरही जातं. कधी कधी लेबलवर 'बर्च शुगर' लिहितात, तेच ते. त्यापेक्षा घरी भाजलेल्या दाण्यांचा कूट, तोही चमचाभर, कारण त्यात तेल खूप.

कॉफी_आणि_कुत्रं | दुपारी १:२५

केळं + दाण्याचा कूट + थोडं पाणी. गोठलं की लागतं अगदी दाण्याच्या लाडवासारखं. (हो, चाखलंय.)

गुरुवारी लाइट जाते तिथल्यांनी एक सांभाळा: वितळलेलं पुन्हा गोठवून देऊ नका, दही घातलेलं तर नाहीच. आमच्याकडे एकदा दिवसभर लाइट नव्हती, मी संध्याकाळी परत गोठलेलं पाहून काही झालंच नाही असं समजले. जिलबीने मात्र हुंगून तोंड फिरवलं. माझ्यापेक्षा हुशार.

सहकारनगरची | १४ एप्रिल, रात्री ९:५०

प्रयोगाचा अहवाल.

सासूबाईंकडे ॲल्युमिनियमचे कुल्फीचे साचे आहेत, बोहरी आळीतून आणलेले, माझ्या लग्नाआधीचे. ते मागायचं धाडस झालं नाही. स्टीलच्या लहान वाट्यांत कलिंगड-दही लावलं. अडीच तासांनी वाटी नळाखाली धरली, सुटलं. नखाची कसोटीही केली. भोपळ्यासमोर ठेवलं. त्याने हुंगलं, अलगद तोंडात धरलं (मला वाटलं, जिंकलो), आणि चालत चालत गॅलरीत जाऊन तुळशीच्या कुंडीत पुरलं. वर नाकाने माती लोटली. सासूबाई बघत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. त्या न बोलण्याचं वर्णन मी करणार नाही.

दुसऱ्या वेळी केळं-दाण्याचा कूट. ते घेऊन गोधडीवर गेला आणि त्याच्यावर झोपला.

तिसऱ्या वेळी लेकीने डोकं चालवलं. मोठं स्टीलचं ताट, त्यात खरबुजाचा गर जेमतेम पाव इंच पसरून, ताट आडवंच फ्रीजरमध्ये. फ्रीजरमध्ये ताट सपाट बसवणं हा स्वतंत्र विषय आहे, मटारच्या पिशव्या हलवाव्या लागल्या. हे मात्र जमलं. उचलता येत नाही, पुरता येत नाही, गिळता येत नाही. फक्त चाटता येतं. ताट त्याच्या जिभेबरोबर घरभर सरकत होतं, शेवटी खाली ओलं पोतेरं घातलं.

पण अर्धं चाटून थांबला. भोपळा. अर्धं. नंतर पाहिलं तर डोळे मलूल. हिरड्या दाबून पाहिल्या, नेहमीच्या गुलाबी वाटल्या नाहीत. कान उलटे केले. आत तीन गोचिडी, मुगाएवढ्या. उद्या सकाळी दवाखाना. @गोगलगाय, तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

गोगलगाय | रात्री ९:५८

आधी रक्त तपासा. प्लेटलेट विचारा.

चारपायांची_डॉक्टर | रात्री १०:१०

नाकातून रक्त, लघवी गडद किंवा पोटावर लाल टिपके दिसले तर सकाळची वाट बघू नका, आत्ताच निघा.

सदाशिव_आजी | रात्री १०:१५

कळवा हो. जागी आहे.

सहकारनगरची | १५ एप्रिल, दुपारी ३:३०

गोचिडताप. एर्लिकिया (गोचिडीच्या चावण्यातून रक्तात शिरणारा जंतू) निघाला. प्लेटलेट खूप उतरलेल्या, ताप १०४. सलाईन लावली, गोळ्या दिल्या, २८ दिवसांच्या. डॉक्टर म्हणाले वेळेत आलात, पण आणखी चार दिवस "ऊन आहे म्हणून" म्हणत बसला असतात तर. ते वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही.

मी तीन दिवस कलिंगडाच्या बिया काढत होते.

खवचट_पेठकर | दुपारी ३:४०

ताई, बिया काढल्या म्हणूनच ताट समोर ठेवलंत, आणि ताट ठेवलंत म्हणूनच अर्धं राहिलेलं दिसलं. एरवी तो दुधीकडे नाक मुरडतोय असंच वाटलं असतं.

(हे माझं या वर्षातलं एकमेव गंभीर वाक्य. पावती मिळणार नाही.)

चारपायांची_डॉक्टर | रात्री ८:४५

गोळी डॉक्सीसायक्लिन असणार. दोन गोष्टी. ती दह्यात, दुधात, पनीरमध्ये लपवून देऊ नका, कॅल्शियममुळे औषध नीट शोषलं जात नाही. आणि रिकाम्या पोटी, कोरडी देऊ नका, अन्ननलिकेला चिकटून जखम करते. जेवणाबरोबर द्या, वर पाणी प्यायला लावा. बरं वाटलं तरी मध्येच बंद करायची नाही.

आणि सगळ्यांसाठी: मानेवर टाकायचं औषध वेळेवर टाकलं तरी गोचिडी शोधणं थांबवू नका. उन्हाळ्यात त्यांची पैदास जोरात असते. भिंतीच्या फटी, कुंडीमागची जागा, अंथरुणाची शिवण बघा. दिसली तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढायची, बोटांनी चिरडायची नाही.

रानवारा | १६ एप्रिल, सकाळी ७:१५

आमच्याकडं सालाला एखादं कुत्रं असंच जायचं. म्हातारी माणसं म्हणायची "ऊन बाधलं". आता वाटतं, ऊन नसेल ते. आज तिन्ही कुत्र्यांचे कान बघतो.

सहकारनगरची | २६ एप्रिल, रात्री ८:२०

धागा वर काढतेय. आज परत रक्त तपासलं, प्लेटलेट चढल्या आहेत. गोळ्या अजून १७ दिवस. काल रात्री त्याने ताट चाटून उलटं केलं आणि खालूनही चाटलं.

गोळी पिकलेल्या केळ्याच्या तुकड्यात लपवून, जेवणाच्या मधोमध देते. केळं गोठवलेलं नाही, कारण गोठवलेलं तो अजूनही पुरतो.

आणि हो, कुल्फीचे साचे सासूबाईंनी स्वतःहून काढून दिले. तुळशीला नवी माती घातली आणि शेजारी एक रिकामी कुंडी ठेवलीय, नुसती मातीची. "त्याला पुरायचं तर तिथे पुरू दे," म्हणाल्या.

निवृत्त_मास्तर | रात्री ८:४१

त्या रिकाम्या कुंडीला पाटी हवी.

खवचट_पेठकर | रात्री ८:४३

"येथे फक्त भोपळ्याचेच लागवड होईल."

निवृत्त_मास्तर | रात्री ८:५०

भोपळ्याचीच. लागवड स्त्रीलिंगी.

नवखी_पालक | रात्री ९:०५

ते ताटाचं प्रमाण सांगाल का ताई? खरबूज किती, आणि फ्रीजरमध्ये किती वेळ? आमच्याकडे बारा किलोचा कॉकर आहे.

सहकारनगरची | रात्री ९:३०

अर्ध्या लहान खरबुजाचा गर, बिया काढून, हातानेच कुस्करलेला. तुमच्या कॉकरला त्याच्या निम्मा बस. दीड तास. बाहेर काढल्यावर पाच मिनिटं थांबा, नाहीतर जीभ ताटाला चिकटते. खाली पोतेरं. आणि आधी कान बघा.